पंधरा दिवसांच्या मुदतीतली कादंबरी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: महाविद्यालयात असताना ‘कोसला’पर्यंत वाचन झाले, त्यानंतर नोकरी, बदल्या आणि मुलांची शिक्षणे यांत वीस-बावीस वर्षे निघून गेली, आता नागपुरात कायमचे स्थिरावल्यावर घराजवळच्या वाचनालयाची वर्गणी भरली आहे, एका वेळी दोन पुस्तके पंधरा दिवसांसाठी मिळतात, पण मधल्या काळात मराठीत जे गंभीर कथात्म लेखन झाले त्यातले काय न्यावे, हे उमगत नाही. टेबलावर विचारले तर ‘सध्या हे फार जाते’ असे म्हणून हातात दिले जाते ते बहुधा ऐतिहासिक कादंबरी किंवा अनुवादित रहस्यकथा असते, अशी आपली तक्रारही आहे. तक्रार रास्त आहे. मी स्वतः सत्तावीस वर्षे देवघेवीच्या टेबलामागे काढली आहेत आणि गर्दीच्या वेळी मीही हेच केले आहे, कारण समोर रांग असताना वाचकाची आवड विचारत बसणे शक्य नसते आणि जे दहा जणांनी नेले ते अकराव्यालाही चालेल, असा सोपा हिशेब मनाशी असतो.

पुस्तके सुचवण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर बेतलेली आहे. विकत घेताना आपण खात्रीचे पुस्तक घेतो. वाचनालयातून मात्र ज्याची खात्री नाही तेच न्यावे. चारशे रुपये मोजलेली कादंबरी पन्नासाव्या पानावर सोडताना जीवावर येते, मग ती उशाशी पडून राहते आणि तिच्या धाकाने दुसरे पुस्तकही हाती घेतले जात नाही. वाचनालयाचे पुस्तक पन्नासाव्या पानावर निःशंकपणे परत करता येते. गेल्या पंचवीस वर्षांतल्या चांगल्या मराठी कादंबऱ्यांपैकी बऱ्याच कादंबऱ्या अशा आहेत की पहिल्या पन्नास पानांत त्या वाचकाला लोड-तक्के देत नाहीत. त्यांना ही सवलत द्यावी लागते आणि स्वतःलाही द्यावी लागते.

सुरुवात विदर्भापासून करावी, असे माझे मत आहे. यात प्रदेशाभिमान नाही. इतक्या वर्षांच्या खंडानंतर वाचक परततो तेव्हा त्याला सर्वांत आधी भाषेची लय सापडावी लागते, आणि ती ओळखीच्या बोलीत लवकर सापडते. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ आधी न्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या लेखकाची ही कादंबरी २००२ साली आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरची कादंबरी अशी तिची ओळख करून दिली जाते, त्यामुळे अनेक वाचक ती हातात घेऊन पुन्हा रॅकवर ठेवताना मी पाहिले आहेत. ‘वर्तमानपत्रात रोज तेच वाचतो, मॅडम,’ असे त्यांचे म्हणणे असते. ती ओळख अपुरी आहे. कादंबरीचा जीव एका घरात आहे. एम.ए., बी.एड. होऊनही डोनेशन भरण्याची ऐपत नसल्यामुळे मास्तर होऊ न शकलेला एकनाथ, शहराच्या वळणाची आणि या घरात कोंडमारा होणारी त्याची बायको अलका, डोके फिरल्यासारखा वागणारा धाकटा भाऊ, आणि शेतीचा हिशेब कधीच न जुळणारे आईवडील. या माणसांचे आपसातले बोलणे हेच या कादंबरीतले खरे नाट्य आहे. कर्ज, पाऊस आणि बाजारभाव हे सगळे त्या बोलण्यात विरघळून येते; लेखक बाजूला उभा राहून शेतीचे अर्थशास्त्र समजावीत बसत नाही.

बोलीचे म्हणाल, तर नागपुरात ‘काय करून राहिला’ म्हणणाऱ्या आपल्या कानांना बुलढाण्याकडची बोली पहिली वीस पाने थोडी परकी वाटेल. आमच्याकडच्या प्रतीत एका संवादाशेजारी कोणीतरी पेन्सिलने ‘असे कोणी बोलत नाही’ असे लिहून ठेवले होते आणि त्याखाली दुसऱ्या कोणीतरी निळ्या शाईने ‘आमच्याकडे बोलतात’ असे उत्तर दिले होते. पुस्तकांवर लिहिणाऱ्यांचा मला नेहमी राग आला, आणि पेन्सिलच्या खुणा खोडरबराने पुसणे हा माझ्या शनिवार दुपारचा ठरलेला उद्योग होता. पण ते पान मात्र मी तसेच राहू दिले.

त्याच जिल्ह्यातले रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५) हे अगदी वेगळ्या स्वभावाचे पुस्तक आहे. संपूर्ण साक्षरता अभियान कागदावर कसे यशस्वी होते आणि शिक्षकांना त्यासाठी काय काय करावे लागते, याची ही उपहासकथा आहे. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सरकारी तक्ता भरला आहे त्यांना ती वाचताना मोठ्याने हसू येईल. आपण नोकरीत बदल्या भोगलेल्या असल्यामुळे ही सूचना विशेष करून करते.

नागपूरशी नाते असलेला, पण नागपूरकर वाचकांनीच उशिरा हातात घेतलेला लेखक म्हणजे नंदा खरे. अनंत यशवंत खरे हे त्यांचे पूर्ण नाव. १९४६ साली नागपुरात जन्मलेला हा स्थापत्य अभियंता ‘आजचा सुधारक’ या मासिकाच्या संपादनाशी अनेक वर्षे जोडलेला होता. ‘उद्या’ या त्यांच्या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला पुरेसे दिले आहे आणि काही वर्षांपासून आपण पुरस्कार घेणे थांबवले आहे, असे त्यांनी कळवले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. आमच्याकडच्या प्रतीच्या तारीखपट्टीवर पुरस्काराच्या बातमीपूर्वीच्या सगळ्या वर्षांत मिळून चारच शिक्के होते. बातमीनंतरच्या सहा महिन्यांत पट्टी भरली आणि दुसरी चिकटवावी लागली. त्या नव्या पट्टीवरचे काही शिक्के मात्र चार-पाच दिवसांच्याच अंतराने पडलेले होते, म्हणजे पुस्तक न वाचताच परत आलेले होते. याचे कारण मला समजते. ‘उद्या’ फार दूर नसलेल्या भविष्याची कादंबरी आहे. बाजार, तंत्रज्ञान आणि माणसांवरची पाळत या गोष्टी पुढे गेल्या तर रोजचे जगणे कसे होईल, हे ती अनेक पात्रांच्या तुकड्या-तुकड्यांतून दाखवते, आणि कोणाचे बोट धरून चालावे हे बराच वेळ ठरत नाही. शंभर पानांपर्यंत धीर धरावा, मग तुकडे जुळू लागतात. तेवढा धीर नसेल तर त्यांची ‘अंताजीची बखर’ आधी न्यावी. अठराव्या शतकातल्या अंताजी नावाच्या इरसाल माणसाने स्वतःच सांगितलेली ही हकीगत बखरीच्या भाषेचा बाज घेऊन चालते, आणि ऐतिहासिक कादंबरीतल्या तलवारी, तुताऱ्या व डोळ्यांत अंगार यांचा कंटाळा आलेल्या वाचकाला तिच्यात पुष्कळ मोकळी हवा मिळते. तिचा पुढचा भाग ‘बखर अंतकाळाची’ या नावाने आहे.

आशा बगे यांचे नाव आपल्याला नागपूरकर म्हणून ठाऊक असेलच. त्यांच्या ‘भूमी’ला २००६ चा अकादमी पुरस्कार आणि त्यांच्या एकूण लेखनाला २०२३ चा जनस्थान पुरस्कार मिळाला. माझी अडचण अशी की मला त्यांच्या कथा त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा अधिक सरस वाटतात. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया, संगीत आणि कोणी बोलून न दाखवलेला दुरावा या गोष्टी त्या कथेच्या मापात अचूक बसवतात. म्हणून ‘भूमी’ जरूर वाचावी, पण ‘दर्पण’ हा कथासंग्रह रॅकवर दिसला तर तो आधी उचलावा.

इथे कथेचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबते. आपण पत्रात फक्त कादंबऱ्यांची चौकशी केली आहे. वाचनालयांतही कथासंग्रहांकडे लोकांचा ओढा कमी असतो; ‘एक संपली की दुसरी, मग मन रमत नाही,’ हे वाक्य मी हजार वेळा तरी ऐकले असेल. तरीही माझ्या मते या काळातले मराठीतले सर्वांत कसदार गद्य कथेत, त्यातही दीर्घकथेत आहे. याला एक व्यावहारिक कारण आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजतागायत मराठीत दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघत आले, आणि चाळीस-पन्नास पानांची कथा छापणारी जागा म्हणून ते लेखकांना मिळत राहिले. इतर अनेक भाषांत एवढी लांब कथा कुठे छापावी हा प्रश्न असतो. आपल्याकडे तो निदान वर्षातून एकदा सुटतो. त्यामुळे कादंबरीचा पसारा न मांडता कादंबरीइतके जग उभे करणारी दीर्घकथा ही मराठीची खास कमाई आहे.

तीन कथासंग्रह सांगते. आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ (२०१६ चा अकादमी पुरस्कार) मराठवाड्यातल्या खेड्यांतला आहे. गावातली सत्ता कोणाच्या हातात कशी जाते, आणि साध्या माणसाला ती कशी मुकाट्याने चेपते, हे त्यातल्या कथा कोणताही आवाज न चढवता सांगतात. जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१२ चा पुरस्कार) गिरणगावाचा आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले आणि त्यांच्या सावलीत जी माणसे उरली, त्यांच्या या कथा आहेत. नाटककार असल्यामुळे पवारांना माणसे बोलती करायला दोन ओळी पुरतात. नागपूरच्या वाचकाला गिरणगाव दूरचे वाटण्याचे कारण नाही, कारण एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकत वाढलेली पिढी अजून आपल्या आसपास आहे आणि त्या जागेवर आज काय उभे आहे, हे आपण गांधीसागरावरून जाताना रोज पाहतो. तिसरा संग्रह किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (२०२१ चा पुरस्कार) हा आहे. कोल्हापूरकडच्या खेड्यातून शिकण्यासाठी शहरात आलेल्या मुलाचे बुजरेपण, त्याचे हिशेब, त्याची खोली, त्याचे डबे असा सगळा बारकावा त्यात आहे, आणि सोबत एक मिश्कीलपणा आहे, जो गावाकडून शहराकडे येणाऱ्या नायकांच्या आपल्या रडक्या परंपरेत दुर्मीळ आहे.

स्त्रियांच्या लेखनाबद्दल आपण वेगळे विचारले नाही आणि मीही त्याची वेगळी खोली करणार नाही. पण २००५ या एकाच वर्षी दोन कादंबऱ्या आल्या, त्या सांगितल्याच पाहिजेत. कविता महाजन यांची ‘ब्र’ ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी स्त्रियांमध्ये काम करू लागलेल्या एका बाईची आहे, आणि तिच्यातले अनुभव इतके कच्चे व उघडे आहेत की रचनेतले विस्कळीतपण वाचक माफ करतो. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ त्याच्या अगदी उलट, शहरी, तीक्ष्ण, लग्न या गोष्टीची साले एकेक करून सोलणारी. ही दुसरी कादंबरी एका वाचकाने माझ्यासमोर टेबलावर आपटून ‘असली पुस्तके घेता कशाला’ असे विचारले होते. त्याच्याच पत्नीने पुढच्या महिन्यात ती स्वतःच्या कार्डावर नेली आणि एकदा मुदतवाढ घेतली. शांता गोखले यांची ‘त्या वर्षी’ हीदेखील याच ओळीत ठेवावी.

आता जाडजूड पुस्तकांविषयी. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ (२०१०) आणि रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) या दोन्ही कादंबऱ्या महत्त्वाच्या आहेत, हे निर्विवाद. पहिली सहाशे पानांच्या आसपास, दुसरी जवळजवळ आठशे. नेमाड्यांचीच ‘कोसला’ आवडली म्हणून आपण थेट ‘हिंदू’कडे वळाल, अशी मला भीती आहे. ‘हिंदू’चा नायक खंडेराव हा ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर नव्हे. त्याचा पसारा मोहेंजोदडोपासून खानदेशातल्या खेड्यापर्यंतचा आहे, आणि वीस वर्षांनी वाचायला बसलेल्या माणसाला तो पंधरा दिवसांत पेलणार नाही. पठाऱ्यांच्या पुस्तकात एका कुळाची सातशे वर्षांची हकीगत आहे. प्रत्येक पाटलाची कथा बरीचशी स्वतंत्र असल्यामुळे ते तुकड्यांत वाचता येते आणि म्हणून वाचनालयाच्या मुदतीला अधिक सोयीचे आहे. ही दोन्ही पुस्तके उन्हाळ्यासाठी राखून ठेवावीत. पारा पंचेचाळिसाला टेकला की दुपारी बारा ते पाच नागपुरात कोणी बाहेर पडत नाही, वाचनालयात मागणीही कमी असते, आणि पुस्तकावर दुसऱ्या कोणाची नोंद नसेल तर मुदतवाढ सहसा मिळते. कुलरसमोर मांडीवर उशी घेऊन वाचायची ती पुस्तके आहेत; बसमध्ये न्यायची नव्हेत.

श्याम मनोहर यांच्याबद्दल मी फार सांगणार नाही. त्यांची ‘कळ’ किंवा ‘उत्सुकतेने मी झोपलो’ (२००८ चा पुरस्कार) नेऊन कुठलेही पान उघडावे आणि चार परिच्छेद वाचावेत. ती छोटी, सपाट दिसणारी, मध्येच तत्त्वज्ञानात शिरणारी वाक्ये पटली तर आपण त्यांचे सगळे वाचाल, नाही पटली तर मी कितीही समजावले तरी उपयोग होणार नाही.

अगदी अलीकडच्या कादंबऱ्यांपैकी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (२०२३ चा पुरस्कार) मला सर्वांत जास्त आवडली. धरणामुळे गाव उठले, माणसे दुसरीकडे वसवली गेली आणि एक म्हैस मागे राहिली. तिला आणण्यासाठी देवाप्पा जुन्या गावाच्या जागी, आता रान झालेल्या मुलखात परत जातो. कथानक म्हणून एवढेच. पण माणसाळलेले जनावर पुन्हा रानटी होते तेव्हा माणसाने त्याच्याकडे कोणत्या हक्काने जावे, हा प्रश्न त्या म्हशीच्या आणि देवाप्पाच्या झटापटीतून असा काही वर येतो, की विस्थापनावर लिहिलेल्या अहवालांच्या चळती एका बाजूला आणि हे लहानसे पुस्तक दुसऱ्या बाजूला ठेवावे. गोसीखुर्दच्या पाण्यात ज्यांची गावे गेली अशी माणसे आपल्याकडे भंडारा-नागपूर पट्ट्यात आहेत. त्यांतल्या एका वाचकाने हे पुस्तक परत करताना मला फक्त ‘बरोबर लिहिले आहे’ एवढेच सांगितले.

प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ (२०२२ चा पुरस्कार) कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांच्या आधाराने आजच्या राजकीय वातावरणाबद्दल बोलते. थोडी अधिक लक्ष देऊन वाचावी लागते. मनोज बोरगावकर यांची ‘नदीष्ट’ नांदेडच्या गोदावरीत पोहायला जाणाऱ्या आणि काठावरच्या माणसांत गुंतत गेलेल्या निवेदकाची आहे. ती वाचकांनी एकमेकांना सांगून वाढवलेली कादंबरी आहे, आणि आमच्याकडे तिची नोंदवही नेहमी भरलेली असे.

एक जोडी मात्र आपण मुद्दाम एकत्र न्यावी, असा माझा आग्रह आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची, म्हणजे आपल्या प्रश्नाच्या चौकटीबाहेरची; पण वऱ्हाडी बोलीतले इतके पूर्ण पुस्तक क्वचितच लिहिले गेले, आणि शिंप्याच्या घरातली कौतिक संसाराशी ज्या तऱ्हेने झुंजते ते विसरता येत नाही. तिच्यासोबत देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ न्यावी, जिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तुळजापूरच्या या लेखकाने स्वतः शिवणकाम केलेले आहे, आणि तयार कपड्यांच्या लाटेत गावच्या शिंप्याचे मशीन कसे बंद पडत जाते, हे तो शिवणीच्याच भाषेत सांगतो. साठ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन शिंप्यांच्या या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या तर मधल्या काळात गरिबीचे स्वरूप किती पालटले आणि किती पालटले नाही, ते दिसते. शिवाय दोन्ही पुस्तके आटोपशीर असल्यामुळे पंधरा दिवसांत निवांत होतात.

शेवटी वाचनालयाच्या कामकाजाविषयी थोडेसे. नवे पुस्तक रॅकवर उशिरा येते, त्याबद्दल वाचक कर्मचाऱ्यांवर रागावतात. बहुतेक वाचनालयांची खरेदी शासकीय अनुदानाच्या हप्त्यावर चालते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि त्या वर्गाप्रमाणे रक्कम मिळते, ती वेळेवर आली तर खरेदी होते. त्यामुळे मागणी वहीत पुस्तकाचे नाव लेखकासह आणि प्रकाशनासह लिहून ठेवा. ‘ते म्हशीवरचे पुस्तक’ एवढेच लिहिलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत. आपल्या शाखेत एखादे जुने पुस्तक नसेल, तर सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघाकडे विचारावे. १९२३ पासूनची ही संस्था आहे, आणि विदर्भातल्या लेखकांची दुकानांतून नाहीशी झालेली पुस्तके पाहायची तर तिथूनच सुरुवात करणे योग्य.

पहिल्या खेपेला ‘रिंगाण’ आणि ‘आलोक’ ही दोन न्या. ‘रिंगाण’ बाहेर गेलेले असेल तर नाव नोंदवा आणि तोवर ‘निशाणी डावा अंगठा’ घेऊन जा.